मुलांच्या निरोगी ऊतींवर रेडिएशनचा परिणाम: मॉडेलच्या कामाच्या नोंदी

३ जून

आजपासून नोंदी लिहायला घेतल्या. मागच्या प्रकल्पात सगळं डोक्यात ठेवलं होतं, आणि तीन महिन्यांनी माझाच कोड मला ओळखू येईना.

काम थोडक्यात असं. लहानपणी कॅन्सरसाठी रेडिएशन घेतलेल्या मुलांचे प्लॅन आहेत आणि पुढच्या तपासण्यांच्या नोंदी आहेत. नावं काढून टाकलेली. गाठीला द्यायची ती मात्रा दिली गेली, पण वाटेत कान, थायरॉइड, मणके, हायपोथॅलॅमस (मेंदूतलं हार्मोन सांभाळणारं केंद्र) यांनाही काही ना काही मिळालं. कुठल्या अवयवाला किती मिळालं तर पुढे काय होतं, याचं गणित बसवायचं. ते इतकं नेटकं हवं की नव्या मुलाचे दोन प्लॅन समोर ठेवले तर डॉक्टरांना निवड करायला मदत व्हावी.

सुरुवात मोठ्यांच्या मॉडेलपासून. १९९१ मधला एमामींचा तक्ता अजूनही भिंतीवर लावलेला दिसतो: अमुक अवयवाला अमुक मात्रा दिली तर पाच वर्षांत पाच टक्क्यांना त्रास, तमुक मात्रेला पन्नास टक्क्यांना. त्यातला बराचसा भाग अनुभवी डॉक्टरांच्या अंदाजावर उभा होता, आणि त्यांनी ते लपवलंही नव्हतं. २०१० मध्ये क्वांटेक हा नवा आढावा आला, तेही मुख्यतः मोठ्यांच्या डेटावर. मुलांसाठी अवयववार आढावा घेणाऱ्या पेंटेकचे निबंध २०२४ मध्ये एकत्र छापून आले. आपल्याला पाया तोच घ्यायचा आहे.

मात्रेवरून त्रासाची शक्यता काढणाऱ्या लायमनच्या सूत्रात तीन आकडे लागतात: निम्म्यांना त्रास होईल ती मात्रा, वक्र किती खडा आहे, आणि अवयवाचा थोडा भाग भाजला तर किती फरक पडतो. वय यात कुठेच नाही. मोठ्यांच्या बाबतीत ते खपून जातं.

६ जून

अख्खा दिवस नावं जुळवण्यात गेला. डावा कॉक्लिया (आतल्या कानातला ऐकण्याचा शंख) एका फाइलमध्ये ‘कॉक्लिया एल’, दुसरीत ‘एल कॉक’, तिसरीत ‘लेफ्ट इअर’. शेवटचं नाव सर्वांत धोक्याचं, कारण कधी त्यात फक्त कॉक्लिया आहे, कधी अख्खा आतला कान. सगळीकडे एकसारखी नावं असावीत यासाठी टीजी-२६३ या अहवालाची शिफारस २०१८ पासून आहे, पण आपले बरेच प्लॅन त्याच्या आधीचे. शेवटी जुळवणी-तक्ता हातानेच केला आणि जिथे शंका होती तिथे कंटूर, म्हणजे स्कॅनवर आखलेली अवयवाची कड, उघडून बघितला.

एक मजेशीर प्रकारही सापडला. मजा आता वाटते, दुपारी वाटली नव्हती. निर्यात केलेल्या फाइलमधला ‘वय’ हा रकाना उपचाराच्या दिवशीचं वय दाखवत नव्हता, फाइल काढली त्या दिवशीचं दाखवत होता. चौथ्या वर्षी उपचार झालेलं मूल आमच्याकडे एकोणीस वर्षांचं म्हणून आलं होतं. मणक्याच्या वाढीच्या तक्त्यात तिशीतला माणूस दिसला म्हणून लक्षात आलं, नाहीतर तसंच पुढे गेलं असतं. आता वय जन्मतारीख आणि पहिल्या फ्रॅक्शनची (मात्रेच्या रोजच्या हप्त्याची) तारीख यांवरून आपणच काढतो. तो रकाना पुसून टाकला, म्हणजे पुन्हा कुणाला मोह नको.

१० जून

आजची चूक नीट लिहून ठेवते, कारण ती दिसायला अगदी निरुपद्रवी आहे.

वेगवेगळ्या पद्धतीने दिलेल्या मात्रा एका मापात आणण्यासाठी आपण सगळं ‘दोन ग्रेच्या फ्रॅक्शनइतकं’ करून घेतो (ग्रे हे मात्रेचं एकक). एकूण मात्रेला फ्रॅक्शनची मात्रा अधिक अल्फा-बीटा यांच्या बेरजेने गुणायचं आणि दोन अधिक अल्फा-बीटाने भागायचं. अल्फा-बीटा म्हणजे फ्रॅक्शन मोठा-लहान झाल्याने ऊतीला किती फरक पडतो त्याचा आकडा. उशिरा दिसणाऱ्या परिणामांसाठी तो ३ धरलाय, प्रघात तसाच आहे.

मेड्युलोब्लास्टोमा या मेंदूतल्या गाठीचा नेहमीचा प्लॅन घ्या. आधी पूर्ण मेंदू आणि पाठीचा कणा मिळून २३.४ ग्रे, १.८ चे १३ फ्रॅक्शन. मग फक्त गाठीच्या जागेला बूस्ट, ३०.६ ग्रे, १७ फ्रॅक्शन. गाठीला एकूण ५४. आता कॉक्लिया. पहिल्या टप्प्यात तो सरळ वाटेत आहे, त्याला पूर्ण १.८ मिळतात. बूस्टमध्ये कडेला राहतो, समजा रोज ०.७. बेरीज २३.४ अधिक ११.९, म्हणजे ३५.३ ग्रे.

माझ्या कोडने ३५.३ ला ३० ने भागलं, सरासरी फ्रॅक्शन १.१८ धरला आणि उत्तर दिलं २९.५. बरोबर रीत म्हणजे टप्पे वेगळे ठेवायचे. पहिल्याचे २२.५, दुसऱ्याचे ८.८, मिळून ३१.३.

पावणेदोन ग्रेचा फरक. आणि हा फरक कधीच उलट्या दिशेने पडत नाही. रोजच्या मात्रेचा वर्ग सूत्रात येतो, त्यामुळे सरासरी काढली की उत्तर कमीच येणार. म्हणजे दोन टप्प्यांत उपचार झालेल्या प्रत्येक मुलाचा कान आपण खऱ्यापेक्षा थोडा सुरक्षित दाखवत होतो. नेमकं ३५ ग्रेच्या आसपास, जिथे डॉक्टर सीमारेषा ओढतात तिथेच.

फिजिसिस्ट सरांना दाखवलं. ते म्हणाले, ‘तरी बरं, तू सगळ्या व्हॉक्सेलना १.८ चा गुणक नाही लावलास.’ मी गप्प राहिले. व्हॉक्सेल म्हणजे स्कॅनमधला एकेक छोटा ठोकळा, आणि परवापर्यंत तेच लावलेलं होतं. ३० फ्रॅक्शनमध्ये एकूण १८ ग्रे मिळालेल्या व्हॉक्सेलला त्या हिशेबाने १७.३ येतात, खरे येतात १३.

११ जून

टप्पे वेगळे केले. हाताने काढलेली पाच उदाहरणं चाचणीत घातली. जुळतात.

१७ जून

अवयवातल्या कमी-जास्त मात्रेचा एकच आकडा कसा करायचा, यावर आज बोलणं झालं. अर्ध्या अवयवाला २० ग्रे आणि अर्ध्याला शून्य मिळालं असेल तर ‘किती मिळालं’ याचं उत्तर अवयवाच्या बांधणीवर ठरतं. फुफ्फुसासारखा अवयव म्हणजे हजारो स्वतंत्र खोल्यांची चाळ. काही खोल्या गेल्या तरी बाकीच्या चालतात, म्हणून सरासरी १० धरली तर चालतं. मज्जारज्जू साखळीसारखा, एक कडी तुटली की खालचं सगळं बंद. तिथे आकारमानाचा घातांक (लायमनच्या सूत्रातला तिसरा आकडा) ०.१ ठेवला की हीच विभागणी १८.७ ग्रेसारखी वागते.

मुलांच्या बाबतीत पंचाईत ही की हा घातांक डेटावरून शोधायला पुरेसे त्रास घडलेले असावे लागतात. त्रास कमी आहेत ही आनंदाची गोष्ट, पण तीन-तीन आकडे एकदम बसवायला घेतले की मॉडेल कुठेही भरकटतं. घातांक साहित्यातून घेऊन गोठवायचा, बाकीचे दोन शोधायचे. फार विचार न करता पुढे गेले.

२४ जून

हायपोथॅलॅमस. इथे माझं मोठ्यांचं मॉडेल पहिल्यांदा पुरतं आपटलं.

मी ‘ग्रोथ हार्मोन कमी: हो की नाही’ असा रकाना केला, मात्रेशी जोडला आणि वक्र काढला. वक्र जवळजवळ सपाट. म्हणजे मात्रा आणि परिणाम यांचा संबंधच नाही? असं कसं होईल? मग एकेक मूल उघडून बघायला लागले. एका मुलाची हायपोथॅलॅमसची सरासरी मात्रा वीस ग्रेच्या आत, रकान्यात ‘नाही’. शेवटची तपासणी उपचारानंतर चौदा महिन्यांनी. त्यानंतर ते मूल बहुधा दुसरीकडे दाखवायला लागलं असावं. हे ‘नाही’ खरं तर ‘अजून नाही’ आहे, आणि माझ्या तक्त्यात दोन्ही एकाच खान्यात बसले होते.

मर्चंट आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मांडलेलं चित्र इथे डोळ्यांसमोर ठेवण्यासारखं आहे. ग्रोथ हार्मोन एका झटक्यात बंद होत नाही, ओसरत जातं. सरासरी मूल कमतरतेच्या रेषेखाली कधी येईल, तर हायपोथॅलॅमसला ६० ग्रेहून जास्त मिळाले असतील तर १२ महिन्यांत, २५ ते ३० ग्रे असतील तर ३६ महिन्यांत, १५ ते २० ग्रे असतील तर ६० महिन्यांत. पाच वर्षांत निम्म्या मुलांना कमतरता येईल ती मात्रा १६.१ ग्रे. म्हणजे ‘किती मात्रा सुरक्षित’ हा प्रश्न ‘किती वर्षांनी’ हे विचारल्याशिवाय अपुराच. माझं चौदा महिन्यांचं मूल अगदी त्यांच्या गणिताप्रमाणे वागत होतं. त्याच्याकडे पुढची चार वर्षं बघायला कुणी नव्हतं, एवढंच.

मुलांच्या ऊतींचं दुखणं असं उशिराचं असतं. जखम आज होते, पण दिसते ती त्या अवयवावर वाढीचं काम येऊन पडतं तेव्हा. मोठ्या माणसाच्या हायपोथॅलॅमसलाही तेवढीच इजा झाली असेल, पण त्याला उंची वाढवायची नसते.

हो-नाहीचं मॉडेल काढून टाकलं. काळावर आधारलेलं घालते.

२५ जून

कालच्याच कामात आणखी एक गाठ. ज्या मुलांचा आजार परत आला आणि ती गेली, त्यांचं काय? नेहमीच्या पद्धतीत त्यांना ‘पुढचं माहीत नाही’ म्हणून बाजूला ठेवतात. त्याचा अर्थ असा होतो की ती मुलं राहिली असती तर इतरांइतकीच शक्यता त्यांनाही होती. यामुळे त्रासाचं प्रमाण फुगतं.

डॉक्टर मॅडमशी अर्धा तास वाद झाला, पण कामाचा. त्यांचं म्हणणं, पालकांना सांगताना खरंच किती मुलांना हार्मोनची इंजेक्शनं लागतील हे हवं. त्यासाठी मृत्यू ही वेगळी घटना धरून एकत्रित प्रमाण काढायला हवं. माझं म्हणणं, मात्रेचा ऊतीवर होणारा परिणाम समजायचा असेल तर ती मुलं गेली तोपर्यंतचाच दर बघायला हवा, नाहीतर मोठी गाठ, मोठी मात्रा, लवकर मृत्यू, म्हणून त्रास कमी, असं उलटं नातं दिसेल. दोघींचंही बरोबर होतं. प्रश्न दोन आहेत. दोन्ही गणितं ठेवली.

कोडमध्ये स्थितीचा रकाना आहे: ० म्हणजे काही नाही, १ म्हणजे कमतरता, २ म्हणजे मृत्यू. दिवसभर २ गाळत आणि परत घालत बसले होते. संध्याकाळी लवकर निघाले.

२ जुलै

मणके. मला सर्वांत शिकवून गेलेला अवयव.

प्लॅनची तुलना करणाऱ्या कोडला एक बनावट परीक्षा दिली होती. प्लॅन ‘अ’ मध्ये मणक्याच्या उजव्या अर्ध्याला २४ ग्रे, डाव्याला ६. प्लॅन ‘ब’ मध्ये सगळ्या मणक्याला सारखे १८. कोडने ‘अ’ निवडला, सरासरी १५ म्हणून. मलाही ते ठीकच वाटलं. मात्रा कमी तर इजा कमी.

सरांनी पडद्याकडे बघितलं आणि कागदावर एक चौकोन काढला, वर-खाली दोन जाड रेघा. या वाढीच्या चकत्या. मणका यांच्यापासून वर-खाली वाढतो. उजवीकडे चकती मंदावली, डावीकडे चालू राहिली, तर काही वर्षांनी चौकोनाची पाचर होते. असे पाच-सहा मणके एकावर एक आले की पाठ वाकते. ‘ब’ मधलं मूल उंचीने थोडं कमी राहील, पण सरळ राहील.

म्हणूनच विल्म्स ट्यूमर या मुलांच्या मूत्रपिंडाच्या कॅन्सरमध्ये फक्त एका मूत्रपिंडाच्या बाजूला १०.८ ग्रे द्यायचे असले तरी किरणांचं क्षेत्र मुद्दाम मध्यरेषेपलीकडे नेतात, मणक्याची पूर्ण रुंदी आत घेतात. वाढत्या वयातल्या मुलाच्या कण्याला मात्रा मिळणारच असेल तर मणका अर्धा कापत नाहीत. निरोगी ऊतीला जाणूनबुजून जास्त मात्रा देणं हे ‘जितकी कमी तितकी बरी’ या एका वाक्यावर उभ्या असलेल्या कोडला कळणंच शक्य नव्हतं. आधुनिक यंत्रं मात्रेला इतकी छान वळणं देतात की असा अर्धवट कापलेला मणका आता पूर्वीपेक्षा सहज तयार होतो.

दुरुस्ती: मणक्यासाठी सरासरीबरोबर डावी-उजवी तफावत आणि पुढची-मागची तफावत असे दोन आकडे घातले. दंड किती लावायचा हे वयावर ठेवलं. वाढ पूर्ण झालेल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला या तफावतीने फारसं बिघडत नाही, चार वर्षांच्या मुलाचं सगळंच बिघडतं. उंचीच्या घटीसाठी वय, मात्रा आणि कण्याचा भाग यांवर बेतलेलं १९९० मधलं सिल्बर यांचं सूत्र आहे, ते तुलनेला ठेवलंय.

चौकोनाचा तो कागद वहीत चिकटवला.

९ जुलै

कॉक्लिया इतका छोटा की अडीच मिलिमीटरच्या जाळीत तो जेमतेम काही व्हॉक्सेलांत बसतो. कंटूर एका स्लाइसने वर-खाली झाला, तर तीव्र उताराच्या जागी सरासरी मात्रा बदलते. म्हणून प्रत्येक कंटूर थोडा-थोडा हलवून मात्रा किती डुलते ते मोजलं आणि ती अनिश्चितता मॉडेलमध्ये आत घेतली. वक्र जरा पसरट झाला. पसरटच खरा.

सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाचा वेगळा गुणक. रेडिएशनसारखं तेही उंच पट्टीचे आवाजच आधी खातं, त्यामुळे ऑडिओग्रामवरून (ऐकण्याच्या चाचणीच्या आलेखावरून) दोष कुणाचा हे सांगता येत नाही. दोघांचाही.

१५ जुलै

थायरॉइडला दोन वक्र लागले, आणि दोन्ही वेगळ्या दिशांना जातात.

ग्रंथी मंदावण्याचा धोका मात्रेबरोबर वाढत जातो, त्यात काही नवल नाही. पण पुढे थायरॉइडचा कॅन्सर होण्याचा धोका साधारण २० ग्रेपर्यंत चढतो, ३० च्या पुढे खाली येतो. चाइल्डहुड कॅन्सर सर्व्हायव्हर स्टडीच्या २००५ मधल्या विश्लेषणात हे कुबड स्पष्ट दिसतं. कारण साधं आहे: जास्त मात्रेत पेशी बिघडण्याऐवजी मरते, आणि मेलेल्या पेशीचा कॅन्सर होत नाही. मी आधी एकच चढता वक्र टाकला होता. त्याने मानेला भरपूर मात्रा मिळालेल्यांना सर्वांत जास्त धोका दिला आणि कडेला पाच-दहा ग्रे मिळालेल्यांना जवळपास सोडून दिलं.

कडेच्या मात्रेचं आणखी एक दुखणं. प्लॅनिंग सॉफ्टवेअर क्षेत्राच्या आत चोख असतं, पण क्षेत्राबाहेर मात्रा कमी दाखवतं. आणि सीटी येण्याच्या आधीच्या काळात उपचार झालेल्यांचा तर त्रिमितीय प्लॅनच नाही. त्यांच्यासाठी वयानुसार आकार बदललेल्या गणिती पुतळ्यांवर मात्रा पुन्हा उभी करावी लागते. तो भाग वेगळ्या फाइलमध्ये ठेवलाय आणि फाइलच्या नावातच ‘अंदाजे’ घातलंय.

प्रोटॉनबद्दल सरांनी दोन वाक्यांत सांगितलं: पाठीमागून येणारा फोटॉन (नेहमीचे क्ष-किरण) कण्यातून पार होऊन मानेत-छातीत उतरतो, प्रोटॉन मणक्यात थांबतो. फरक मोठा. पण थांबण्याच्या टोकाला त्याचा जैविक परिणाम नेहमीच्या १.१ गुणकापेक्षा जास्त असू शकतो, आणि ते टोक कुठे पडलंय हे बघितल्याशिवाय खूश व्हायचं नाही.

२१ जुलै

मॅडमना पहिला पडदा दाखवला. अवयवांची यादी, प्रत्येकासमोर टक्का. त्यांनी चष्मा वर केला. ‘श्रवणदोषाची शक्यता ११ टक्के. यात खरे किती नि खोटे किती?’

मी अनिश्चिततेचा पट्टा दाखवला. चार ते चोवीस. ‘मग या अकराचं मी काय करू?’

खरंच काय करणार? पण मग त्यांनीच वाट सुचवली. ‘मला टक्का नको. या दोन प्लॅनपैकी कुठला बरा, एवढं सांग.’ हे वाटतं त्यापेक्षा सोपं निघालं. मॉडेलच्या आकड्यांची अनिश्चितता दोन्ही प्लॅनना सारखीच लागू असते. ती दोघांना वेगवेगळी काढण्याऐवजी, आकडे बदलून हिशेब पुन्हापुन्हा करायचा, दर फेरीत तेच आकडे दोन्ही प्लॅनना लावायचे आणि फरक घ्यायचा. फरकाचा पट्टा मूळ पट्ट्यापेक्षा खूपच अरुंद येतो. दुपारी करून दाखवलं.

चहाला मी विचारलं, मेड्युलोब्लास्टोमात मेंदू आणि कण्याची मात्राच २३.४ वरून १८ का नाही करत, एवढी कसरत वाचेल. हा प्रयोग झालेला आहे, त्या म्हणाल्या. तीन ते सात वर्षांची मुलं, एसीएनएस०३३१ ही चाचणी, निकाल २०२१ मध्ये. पाच वर्षं आजाराविना राहिलेली मुलं २३.४ च्या गटात ८२.९ टक्के, १८ च्या गटात ७१.४. बूस्टचं क्षेत्र लहान केलेलं मात्र चाललं. ‘बुद्ध्यांक वाचवायला गेलो आणि मूल हरवलं, असं नको.’ म्हणून पडद्यावर गाठ हातून निसटण्याची शक्यताही त्याच ओळीत हवी, असा हुकूम सुटला. लिहून घेतलं.

२८ जुलै

वयाचा परिणाम सरळ रेषेत नाही. तीन आणि चार वर्षांतला फरक तेरा आणि चौदामधल्या फरकापेक्षा कितीतरी मोठा, म्हणून वयाचा लॉग घेतला. मॉडेलचं डेटावर बसणं सुधारलं. सुधारलं म्हणून हुरळून, दीड वर्षाचं बनावट मूल टाकून बघितलं. उत्तर आलं, नेटकं, दोन दशांश स्थळांपर्यंत.

आमच्या डेटात तीन वर्षांखालची मुलं नावापुरती आहेत. साहजिक आहे, इतक्या लहान मुलांना मेंदूचं रेडिएशन शक्यतो देत नाहीत, औषधांवर वेळ काढतात. म्हणजे मॉडेलने त्या वयाचं मूल जवळपास पाहिलेलंच नाही, तरी लॉगची शेपटी धरून बेधडक आकडा काढला.

तीन वर्षांखाली आकडा बंद केला. त्या जागी राखाडी अक्षरांत ‘या वयासाठी अंदाज नाही’ असं येतं. सरांचं म्हणणं, राखाडी दिसत नाही, लाल कर. मॅडमचं म्हणणं, लाल बघून लोक धोका समजतील. काळी ठेवली, जाड.

गाठ निसटण्याच्या शक्यतेची ओळ अजून राहिलीय. मणक्याच्या तफावतीचा कोड सोमवारी दुसऱ्या कुणाकडून तरी तपासून घ्यायचा, मी सोडून.